विहिरीतले दगड

विहिरीच्या तोंडाशी ताडपत्री अंथरली होती आणि तीन दिवसांत वर आलेलं सगळं तिच्यावर मांडलं होतं. दगड, फुटक्या बरण्या, बकऱ्याची शिंगं. कडेला, वेगळ्या फडक्यावर, काही हाडं आणि एक बूट.

"झोफियामावशी, या वयात गड चढलात," डागडुजीच्या कामावरचा मुकादम वेंडेलिन म्हणाला. "बुरूज उभा राहू दे, तुम्हालाच किल्लेदारीण करतो."

"आधी तुझ्या आजोबांनी गोठ्याला नेलेले दगड परत आण. बुरूज आपोआप उभा राहील."

तो हसला. मग बुटाकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "युद्धातला असावा कुणी. तुमचा भाऊ इम्रिख युद्धाच्या हिवाळ्यातच गेला ना? बघा, ओळखता का."

झोफिया वाकली. कातडं काळं पडून आक्रसलं होतं. टाचेला घोड्याच्या नालेचा तुकडा ठोकलेला होता. इम्रिख डावा पाय घासत चालायचा, त्याची टाच महिनाभर टिकायची नाही. वडिलांनी तो तुकडा ठोकला तेव्हा कंदील तिनेच धरला होता. आठ वर्षांची होती ती.

"तसले बूट तेव्हा सगळेच घालायचे," ती म्हणाली.

खाली, पायवाट सुरू होते तिथल्या बाकावर तिची थोरली बहीण पावलिना थांबली होती. तिला चढ झेपत नसे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती साठ वर्षं एक ताट जास्तीचं मांडत आली होती. इम्रिख सीमेपलीकडे गेलाय, येईल, असं आई मरतानासुद्धा सांगून गेली होती. त्या ताटातलं कोबीचं सूप गार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

"काय निघालं गं?"

"दगड, ताई. आपणच टाकलेले. कोरडी विहीर किती खोल ते मोजायला टाकायचो ना, ते."

पावलिना काठीच्या टोकाने माती उकरत राहिली.

"दगडच असणार," ती म्हणाली. "पण त्या वर्षी बर्फ वितळल्यावर आवाज बदलला होता, झोफी. आधी खणकन् यायचा, मग बद्द यायला लागला. त्यानंतर मी कधी टाकला नाही."

झोफियाने तिला हात देऊन उठवलं.

झोफियाने मात्र त्यानंतरही टाकले होते. रोज, ओच्यात मावतील तेवढे. पुन्हा खणकन् वाजेपर्यंत.