हौसाबाईच्या वतीनं

"बापू, आज तरी घ्या," पाळक सहदेव कसबे पुन्हा म्हणाले. प्रभुभोजनाचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा लहानसा प्याला त्यांनी स्टुलावर मांडला होता. खाटेवरच्या गोपीनाथबापूंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"हौसानं माफ केल्याशिवाय मी त्याला तोंड लावणार नाही."

पाळकांनी फडक्यानं प्याला झाकला. मानपाड्याच्या त्या खोलीत कंपन्यांकडून येणारा रसायनांचा वास आणि बापूंच्या पाठीवरच्या जखमांचा वास एकमेकांत मिसळले होते. बापूंना दिसत नव्हतं, कमरेखालचं अंग हलत नव्हतं. मुलगा नोकरीला आखातात गेला, त्याचं पुढे पत्रही आलं नाही. म्हाताऱ्याला आता चर्चच्या मंडळीशिवाय कोणी नव्हतं.

आणि मंडळी म्हणजे तरी कोण? प्रेमावरचं प्रवचन ऐकायला रविवारी बाक अपुरे पडत. बापूंच्या सेवेची पाळी घ्या म्हटलं, की कुणाची कंबर धरे, कुणाकडे नेमके पाहुणे येत. महिला मंडळानं लावलेल्या पाळ्या महिनाभरातच मोडल्या. टिकल्या त्या एकट्या सरोजबाई. रेल्वेतल्या एका फिटरची ही विधवा, पन्नाशी उलटलेली, कमालीची अबोल; बापूंसमोर तर तोंडातून शब्दही नाही. गेलं वर्षभर त्या रोज येऊन बापूंचं हगणंमुतणं काढत होत्या, जखमा धूत होत्या, पेज भरवत होत्या. त्या घरचं घोटभर पाणीही त्या पीत नसत. पाळक प्रार्थनेला बसले, की उठून मोरीत भांडी घासायला घेत. एवढं करून बाईला कौतुकही नको, असं पाळकांना वाटे आणि आपल्या प्रवचनांची त्यांना लाज वाटे.

आठवड्यापूर्वी बापूंनी पाळकांपाशी मन मोकळं केलं होतं. तरुणपणी ते नगरकडच्या आपल्या गावी मंडळीचे पंच होते. धाकटा भाऊ वारला. त्याच्या वाट्याची जमीन बापूंना सुटेना. म्हणून भर मंडळीत उभं राहून त्यांनी भावाच्या विधवेवर, हौसावर, बदचालीचा आळ घेतला. साफ खोटा. पण पंचाचा शब्द कोण मोडणार? हौसाला मंडळीबाहेर काढलं. पुढं तिची तान्ही पोर तापानं गेली, तर मंडळीबाहेरच्या बाईचं मूल म्हणून बापूंनी ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळू दिली नाही. हौसानं ओढ्याकाठी स्वतःच्या हातांनी खड्डा खणला आणि ती गाव सोडून गेली.

पाळकांनी गावी माणूस धाडला. कल्याण-ठाण्याच्या मंडळ्यांतून विचारणा केली. मुंबईकडे कुणीतरी तिच्याशी लग्न केलं म्हणतात, यापलीकडे काही कळलं नाही.

आज डॉक्टर तपासून गेले होते आणि जाताना त्यांनी नुसती मान हलवली होती. पाळकांचा जीव कासावीस झाला. हा माणूस असाच, प्रभुभोजनावाचून, भीतीत मरणार? त्यांनी सरोजबाईंना बाहेरच्या ओट्यावर बोलावलं आणि हौसाची सगळी हकीकत सांगितली. बाई खाली मान घालून पदराला हात पुसत राहिल्या.

"सरोजबाई, एक मागणं आहे. तुम्ही हौसाबाई व्हा."

त्यांनी मान वर केली.

"त्यांना दिसत नाही. आणि तुमचा आवाज त्यांनी ऐकलाय कुठं? नुसतं म्हणायचं, माफ केलं. बस."

"मला खोटं बोलायला लावू नका, पाळकसाहेब."

"ते पाप माझ्या माथी. अहो, वर्षभर त्यांची सेवा केलीत, आता एका शब्दासाठी मागं सरता? हेही प्रेमच आहे."

सरोजबाईंनी दारातून आत खाटेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं. हौसाच्या वतीनं जे तोंडात येईल ते बोलते."

या बाईचं मन केवढं, असं पाळकांना वाटलं. आत जाऊन ते बापूंच्या कानाशी वाकले. "बापू, हौसाबाई सापडली. आलीय."

बापूंचा हात हवेत चाचपडू लागला. सरोजबाईंनी खाटेशी बसून तो हातात घेतला.

"हौसा? मी लई वाईट वागलो गं. तुझ्या लेकराला हातभर जागा दिली नाही. मला माफ केलंस का?"

पाळकांनी प्याल्यावरचं फडकं काढलं.

"नाही, भावजी," सरोजबाई म्हणाल्या.

बापूंनी हात सोडवून घेतला नाही, त्यांना तेवढं बळही नव्हतं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, छाती दोनदा वर उचलली गेली आणि मग खाली राहिली. पाळकांनी हाका मारल्या, नाडी पाहिली. संपलं होतं. भाकरीचा तुकडा तसाच होता.

"हे काय केलंत बाई?" रागानं त्यांचा आवाज फुटला. "ती स्वतः इथं असती, तर तिलासुद्धा दया आली असती!"

सरोजबाईंनी बापूंचे डोळे नीट मिटवले, अंगावरची चादर सारखी केली.

"वर्षभर त्याची घाण काढली, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "एक दिवस तरी माझ्या पोरीच्या वतीनं तोंडातून हो निघेल म्हणून. नाही निघालं."