पाच हजारांचं भरीत

"वांगी किती मिनिटं भाजायची, आबा?" सोनल मॅडमनी वही उघडली.

"मिनिटं कोण मोजतं? देठाशी पाणी सुटलं की उचलायची."

धुळ्याच्या त्या कॉलेजची मेस उन्हाळ्यापासून बंद होती. दीडशे मुलांचा जुना हॉल वाढवून चारशेंचा होत होता. अभिमन आबा चौतीस वर्षं तिथले आचारी. काम संपेपर्यंत घरी थांबा, असं त्यांना सांगितलं होतं. पण ते दर दोन दिवसांनी सोनगीरहून एसटीनं येत. घरी करमायचं नाही. बायको गेल्यापासून चूल एकट्याची, आणि एकट्यापुरतं मीठ त्यांच्या हाताला जमतच नव्हतं.

नव्या मेसचं कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या या मॅडम त्यांची वाट बघायच्या. खुर्ची द्यायच्या, चहा मागवायच्या आणि एकेक विचारायच्या. शेवभाजीचा मसाला. बट्टीला रवा किती. भरताला कापसाच्या पऱ्हाटीचाच जाळ का. इतक्या आस्थेनं आबांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

"पाच हजार माणसांचं प्रमाण सांगा ना," एकदा त्या म्हणाल्या.

"पाच हजार? यात्रा जेवू घालायची का?" आबा हसले. पण सांगितलं. सांगताना त्यांचे हात कढई ढवळल्यासारखे फिरत राहिले.

रुपचंद गवंडी मागची भिंत चढवत होता. आबांनी त्याला आपल्या भट्टीचं विचारलं, "रुपचंद, मनी भट्टी कोठे शे?"

"मॅडमले इचारा, आबा." त्यानं मान वर केली नाही.

मॅडम म्हणाल्या, "भट्टी होतेय, आबा. खूप मोठी."

परतीच्या एसटीत आबांना मुलांची रांग दिसू लागली. ताट पुढं करून 'आबा, अजून थोडं' म्हणणारी.

उद्घाटनाला ते नवा पंचा खांद्यावर टाकून पहिल्या गाडीनं आले. वांगी भाजायची तर लवकर पोचायला हवं. मेसला कुलूप होतं. ते अकराला निघालं. पोरं आत घुसली. स्वयंपाकघराचं दार असायचं तिथंही आता टेबलंच होती, थेट मागच्या भिंतीपर्यंत.

"आत कुठून जायचं?" आबांनी विचारलं.

"आज तुम्ही बसायचं." मॅडमनी हात धरून त्यांना बाकावर बसवलं.

बाहेर टेम्पो लागला. माणसांनी स्टीलची पिंपं उतरवली, झाकणं उघडली.

"नरडाण्याला आमच्या कंपनीची भट्टी सुरू झाली, आबा," मॅडम हळूच म्हणाल्या. "वीस मेसचं आता तिथंच शिजतं. खूप केलंत तुम्ही. आता आराम करा."

आबांपुढं ताट आलं. त्यांचा हात मांडीवरच राहिला.

समोरच्या मुलानं भरताचा घास घेतला आणि तो खुशीत ओरडला, "आबा, तुम्ही परत आलात! पहिल्याच घासाला ओळखलं!"