हरवलेलं शून्य

दहावीतली स्वानंदी क्ष² = ५क्ष हे समीकरण घेऊन बसली होती. पुण्याहून बेंगळुरूला येऊन आयटीत साहेब झालेल्या तिच्या बाबाला, सुशांतला, काही राहवलं नाही. त्याने दोन्हीकडचा एकेक क्ष उडवला आणि पेन टेबलावर आपटलं. "क्ष बरोबर पाच. संपलं!"

"पण बाबा, आलेख काढला तर वक्र आणि रेषा शून्यापाशीही भेटतायत."

"अगं, शून्यापासून सगळेच निघतात! ते धरायचं नसतं."

स्वानंदीने बाबाचं उत्तर वहीत उतरवलं.

सोमवारी मल्लेश्वरमच्या शाळेच्या फाटकाशी शालन टीचरनी सुशांतला गाठलं. टीचर मूळच्या बेळगावच्या. "शून्य कुठं गेलं हो सर? निम्म्या वर्गाच्या गृहपाठात नुसतं पाचच आलंय. शनिवारी जादा तास ठेवलाय मी."

"पाठवतो की तिला," सुशांत जरा ओशाळून म्हणाला. "हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं."



"तिला कशाला? वर्गात मुलं दोन्ही उत्तरं काढतात की! तास पालकांसाठी आहे."