विहिणीच्या वाट्याची शिवी

विहीणबाईंनी अजून घासाला हात लावला नव्हता. पोळीवरचं तूप जिरून गेलं, पंख्याच्या वाऱ्यानं पापड उडाला, तरी विजयाबाई बांगड्या फिरवत बसलेल्या. त्या जेवेनात, म्हणून वाशीमहून आलेलं सगळं वऱ्हाड हात आवरून बसलं होतं.

वाशीमजवळच्या या गोरेगावात विहिणीच्या पंगतीला शिव्या गायचा रिवाज. गाणारी ठरलेली, नवरीची आत्या मंजुळाबाई. पण या खेपेला भावजयीनं सकाळीच हात जोडले होते.

"वन्सं, विहीण कॉलेजात इंग्रजी शिकवती. आज तोंड आवरा. पोरीच्या संसाराचा सवाल हाय."

म्हणून मांडव मुका होता. मंजुळाबाईला ते बघवेना. शिव्यांवाचून विहीण रुसली, हे तिनं बराबर ताडलं. मराठी नको तर नको, इंग्रजीत गाऊ! तिनं नवरीच्या धाकट्या बहिणीला, प्रतिक्षाला, वरणाच्या पातेल्यामागं ओढलं.

"मघा फोनवर मैत्रिणीला काय म्हणली गं? बिच?"

"आत्या, हळू! शिवी आहे ती. कुत्री म्हणतात."

"मंग ती चिडली काहून न्हाई? खिदळून राहिली होती."

"मी म्हटलं तर चालतं. परक्यानं म्हटलं तर ती कानाखाली वाजवील."

"म्हंजे आमच्या गाण्यावानीच की! आजून एक सांग."

"बास्टर्ड. ज्याच्या बापाचा पत्ता नाही तो."

"छ्या! त्यात लेकराचा काय गुन्हा? ऱ्हाऊ दे. कुत्रीच बरी."

प्रतिक्षा पदर धरेपर्यंत मंजुळाबाई पंगतीत पोचलीसुद्धा. विहिणीसमोर फतकल मारून तिनं गळा मोकळा सोडला,

"मांडवात आली कोण गं, विहीण हीच गं,
पोळीच्या वासानं धावली, वाशीमची बिच गं!"

भावजयीच्या हातातली पळी वरणात बुडाली.

विजयाबाईंनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय, म्हणून भावजय पुढं धावली, तर बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या.

"सकाळपासून वाट पाहून राहिले, मंजुळाबाई! म्हटलं, हे लोक आम्हाला विहिणीत धरतच नाहीत की काय? माझ्या भावाच्या लग्नात बायांनी आईच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्या. वर्षभर मिरवत होती ती."

"म्हंजे तुमाला चालतात शिव्या?"

"चालतात काय? पाहिजेतच! पण ही इंग्रजी फार अळणी आहे हो. आपल्यातली येऊ द्या."

मंजुळाबाईनं भावजयीकडं पाहिलं. भावजयीनं पदर तोंडाला लावून मान डोलावली.

विजयाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, नव्यानं वाढलेल्या तुपात बुडवला, आणि पहिली शिवी कानावर पडेपर्यंत तसाच ओठांजवळ धरून ठेवला.