फळ्यावरून उतरलेले शब्द

“सांगून कोणाला पटायचं नाही,” थोरली सून म्हणाली, “पण फळ्यावरचे शब्द आज सकाळी आपल्या पायांनी चालत गेले. या डोळ्यांनी पाहिलं मी.”

चपलांच्या दुकानाला आजपासून सुट्टी होती, म्हणून शटर अर्धंच वर होतं. दाराशी काळा फळा भिंतीला टेकून उभा होता. स्वच्छ, कोरा. सासूबाई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या होत्या. धाकटी सून बूट पुसायचं फडकं हातात घेऊन फळ्याकडे बघत उभी होती. आणि शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून आयताच आला होता. फुकटचा तमाशा त्याने आजवर एकही चुकवला नव्हता.

“चालत?” शिंपी म्हणाला. “वहिनी, सकाळचा चहा झाला होता ना?”

“झाला होता. म्हणून तर डोळे टक्क उघडे होते.”

काल संध्याकाळपर्यंत त्या फळ्यावर लिहिलेलं होतं: ‘आम्ही सुट्टीवर आहोत. तुम्हीही मजेत राहा.’ लिहिलेलं कसलं, चिकटवलेलं. धाकटीने अक्षरं कापायचं एक यंत्र घेतलं होतं. रेडियमवाल्यांकडे असतो तसला व्हिनाइलचा चिकट पांढरा कागद त्यात सरकवला की यंत्र कुरकुर करत वळणदार अक्षरं कापायचं. धाकटीने आजूबाजूचा कागद सोलून काढला, वाक्य पारदर्शक पट्टीवर अलगद उचललं आणि फळ्यावर बसवलं. सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, एका वेलांटीवरून बोटसुद्धा फिरवलं. “किती सुबक गं! अगदी खडूचंच वाटतंय, आणि हात लावला तरी पुसत नाही.”

थोरलीच्या पोटात दुखलं ते तिथेच. लग्न होऊन आली तेव्हापासून सुट्टीचा फळा तिचा होता. खडू ओला करून ती एकेक अक्षर कोरायची, भोवती वेलबुट्टी काढायची, गुडघे धरून उठायची. रस्त्यावरचे लोक थांबून वाचायचे. सासूबाईंनी तिला काय दिलं होतं? एक “हं”. तोही बिल फाडता फाडता.

“आधी ‘आम्ही’ हलला,” थोरली सांगू लागली. “अंग झटकलं आणि धपकन खाली उडी मारली. मागोमाग ‘सुट्टीवर’. शब्दांच्या डोक्यावर रेघ असते ना, ती त्यांनी खांद्यावर घेतली, रंगारी शिडी नेतात तशी, आणि निघाले रांगेने.”

“अरे बापरे! मग अडवलं नाहीत?”

“झाडू घेऊन आडवी गेले की! म्हटलं, कुठे निघालात रे? तर ‘आहोत’ मागे वळून म्हणतो कसा, ‘बाई, आमच्या अंगावर काय लिहिलंय ते वाच आधी. आम्ही सुट्टीवर आहोत. मग इथे कामाला कशाला थांबू?’”

शिंप्याला असं हसू फुटलं की त्याची टेप गळ्यातून घसरली. आणि मग नवल झालं. सासूबाईंचे खांदे हलू लागले. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही पदरात मावेना.

थोरली त्या हसण्याकडे बघतच राहिली. शब्द कुठे होते ते तिला पक्कं ठाऊक होतं: आतल्या फळीवर, मुलांच्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात, चिकटून चिकटून लिंबाएवढा गोळा झालेले. पण सासूबाई आपल्या बोलण्यावर हसतायत, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

“गेले तरी कुठे?” सासूबाईंनी डोळे पुसत विचारलं.

“बस स्टॉपकडे, आई. ‘राहा’ जरा रेंगाळला. नावच तसं त्याचं. पण बाकीच्यांनी ओढत नेला.”

“काय बाई एकेक तुझं!” सासूबाई म्हणाल्या. “बरं, गेले तर गेले. गिऱ्हाइकं यायच्या आत तूच लिही आता. तुझं अक्षर असलं की दुकान आपलं वाटतं.”

एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. थोरलीने आता गुपचूप खडूची पेटी उघडायची, की काम फत्ते. पण रंगात आलेल्या माणसाला थांबता येतंय का? शिंपी हसतोय, सासूबाई हसतायत, आणखी एक घास वाढायला काय हरकत आहे?

“आणि तो ‘मजेत’ तर काय सांगू!” ती म्हणाली. “महाचिवट. सगळे निघाले तरी हा जागचा हलेना. कोपरा उचलावा तर फाटायचा, परत धरावा तर परत फाटायचा. नखं नुसती हुळहुळायला लागली, पण—”

शिंप्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“कोणाची?” त्याने विचारलं.

थोरलीने दोन्ही हात पदराखाली घेतले. सासूबाई एकदा तिच्याकडे आणि एकदा कोऱ्या फळ्याकडे बघू लागल्या.

धाकटीने हातातलं फडकं खाली ठेवलं. ती फळ्यापाशी उकिडवी बसली, जिथे ‘मजेत’ होता तिथे तिने अंगठा दाबला आणि उरलेला चिकटपणा पाहिला.

“ताई,” ती म्हणाली, “आधी हेअर ड्रायरने गरम करायचं असतं. मग नखं लावावी लागत नाहीत. मागितला असतात तर दिला असता मी.”