पाहुण्यांची परीक्षा

वळण आलं म्हणून पाहुण्यांनी इंडिकेटर दिला आणि कोरड्या काचेवर वायपर फिरू लागले.

"पाहुणे, काच स्वच्छ आहे," शेजारी बसलेला, गाडी शिकवणारा उस्ताद म्हणाला. "वळायचं असेल तर दुसरी दांडी."

पाहुणे हे नाव उस्तादानेच ठेवलेलं. मायदेशी त्यांनी वर्षानुवर्षं टेम्पो चालवला होता, तोही एक ओरखडा न पडू देता. इथे परदेशात मात्र सगळंच उलटं. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा. गिअर टाकायला डावा हात उठायचा आणि दारावर आपटायचा. मोठा चौक दिसला की पाय आपोआप ब्रेकवर. गेल्या आठवड्यात एका गोल चौकात ते चक्क गाडी थांबवून बसले, आणि मागच्या अख्ख्या शहराने हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार केला.

आणि आज परीक्षा. बँकांची रोकड पोचवणाऱ्या कंपनीत ड्रायव्हरची नोकरी. पास झाले तर कायम, नापास झाले तर परतीचं विमान. टेम्पो विकून झाला होता. बायको नोकरी सोडून, मुलीसकट इकडे यायला सामान बांधून बसली होती.

"अहो, घाबरू नका," सकाळी ती फोनवर म्हणाली. "डावं-उजवं चुकेल एखादवेळेस. सरळ तर येतं ना?"

ही परीक्षा म्हणजे खोटा दरोडा. कंपनीचीच माणसं बुरखे घालून गाडी अडवायची. पेट्यांत रद्दी, बंदुकांत गोळीविना नुसता बार.

"कधी, कुठे, ते सांगणार नाही," उस्तादाने आधीच बजावलं होतं. "पण खरंच वाटेल. मागच्या उमेदवाराचा दात पडला. मी पहिल्या झटक्यात मरतो. मेलेल्या माणसाशी बोलायचं नाही, गाडी डेपोत आणायची. समोर माणूस आला तरी ब्रेक नाही. तो उडी मारतो, त्याचाच त्याला पगार मिळतो. ब्रेक लावला की नापास."

गोदामांच्या रस्त्याला लागले आणि एक ट्रक आडवा येऊन थांबला.

"हा कुठून कडमडला?" उस्ताद करवादला आणि दार उघडून खाली उतरू लागला.

बार झाला. उस्ताद उलटा सीटवर आदळला. छातीवर लाल डाग पसरला, पाहुण्यांच्या बाहीपर्यंत शिंतोडे उडाले. टाच दोनदा आपटून तो गप्प झाला. पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटलं. एवढ्या वेळा मरूनही माणूस कंटाळला नव्हता.

आणि आश्चर्य म्हणजे पाहुणे आता घाबरले नव्हते. इतके दिवस वाट बघण्याचीच भीती होती. आता समोर काम होतं.

बुरखा घातलेला एक जण उघड्या दारातून आत घुसला. उस्तादाच्या अंगावर पाय देऊन त्याने बंदुकीचा दस्ता पाहुण्यांच्या तोंडावर हाणला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाहुण्यांनी दात थुंकला. मागच्या उमेदवाराशी बरोबरी झाली होती.

पुन्हा दस्ता उगारलेला पाहून त्यांनी उजव्या हाताने, अगदी अचूक, रिव्हर्स टाकला. गाडी झटक्यात मागे गेली. तो खाली पडता पडता चौकटीला लोंबकळला. लगेच त्यांनी गाडी पुढे घेतली, तसं दार विजेच्या खांबाला घासून मिटलं आणि त्याची बोटं आत चिरडली. हाडं मोडल्याचा आवाज आला. मग हिसक्यासरशी दार पुन्हा उघडलं आणि तो किंचाळत रस्त्यावर लोळला.

"माफ करा हं," पाहुणे कळवळून म्हणाले.

बुलेटप्रूफ काचेवर गोळ्या तडतडल्या, तड्यांची जाळी पडली. खोट्या दरोड्यासाठी कंपनीने खर्चात कसर ठेवली नव्हती. ट्रकच्या डावीकडे जेमतेम गाडीपुरती जागा होती. समोरून येणाऱ्यांची बाजू. चुकीची. पण डाव्या बाजूला घुसायला पाहुण्यांना कोण शिकवणार? तो त्यांचा जन्माचा हातखंडा. त्यांनी गाडी तिकडे घातली.

तिथे दुसरा बुरखेवाला बंदूक रोखून उभा होता. पाहुण्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. उडी मारेल. मारेलच. धप्पकन आवाज झाला आणि तो बॉनेटवरून भिरकावला जाऊन भिंतीवर आदळला. आरशात तो पडलेला दिसला, मान वाकडी करून, अगदी निश्चल. उडी मारायला जरा उशीरच झाला होता बिचाऱ्याला. संध्याकाळी त्याला आठवणीने चहा पाजायचा, असं पाहुण्यांनी ठरवून टाकलं.

पुढचा रस्ता त्यांनी राजासारखा कापला. उजवी बाजू, बरोबर दांडी, बरोबर गिअर. तो गोल चौक आला आणि पाहुणे त्यातून लोण्यातून सुरी जावी तसे निघाले. वळणावर उस्तादाचं डोकं घरंगळून त्यांच्या मांडीवर आलं. त्याचे डोळे उघडेच होते. सांगावंसं फार वाटत होतं, बघा उस्ताद, जमलं! पण नियम म्हणजे नियम.

डेपोचं फाटक दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. बायकोला फोन कसा करायचा, पहिलं वाक्य काय बोलायचं, हेही ठरलं. फाटकाशी गाडी लावून ते रक्ताळलेल्या तोंडाने हसले.

"पास झालो," ते पहारेकऱ्याला म्हणाले.

पहारेकऱ्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"एवढ्यात कसे पास झालात?" तो म्हणाला. "तुमचे दरोडेखोर तर अजून कँटीनमध्ये जेवतायत."