डब्यामागची जागा

माझी बायको चंदना सांगलीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. ती गेली, पण लॉकडाऊनमधले तिचे व्हिडिओ मुलं अजून बघतात. तिच्या जागी आलेल्या ब्राह्मी मॅडम काल पलूसला घरी आल्या. “काका, माझे व्हिडिओ मुलं अर्ध्यात सोडतात. चंदना मॅडम नेमक्या अवघड मुद्द्यावर थांबून ‘परत सांगते’ म्हणतात. समोर कुणी नसताना त्यांना कळायचं कसं?” “मी असायचो की! मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवायची अन् म्हणायची, ‘आवं, भिंतीला शिकवू व्हय? डब्यामागं बसा.’ माझं तोंड बावळट दिसलं की परत सांगायची.” मॅडम हसल्या. त्यांनी तोच डबा मागितला, मोबाइल टेकवला. “बसता का, काका?” महागाईचा धडा होता, चंदनानं तो मला पक्का समजावला होता. मधेच थांबून मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, “कळलं?” “न्हाई,” मी खोटंच बोललो. “परत सांगते.”